दोरी, ओळंबा आणि मोटारीची चाके

श्रोतेहो, बैलगाडी एका अंगाला ओढू लागली की गाडीवान आधी बैलांकडे पाहतो. जू नीट बसले आहे का, एखादा बैल अंग चोरतो आहे का, हे तपासतो. चाकांचा संशय त्याला सहसा येत नाही. कारण दोन्ही चाके एकाच कण्यावर बसवलेली. मोटारीचे तसे नाही. तिची पुढची दोन चाके आपापल्या जागी स्वतंत्र वळतात. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या कारागिराने ती काढली आणि 1818 साली रुडोल्फ आकरमन यांनी इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. सोय मोठी झाली, पण एक काम मागे लागले. दोन्ही चाकांची तोंडे नीट आहेत की नाहीत, हे कुणीतरी मोजून ठरवायला हवे. गॅरेजात त्याला अलाइनमेंट म्हणतात.

कारखान्यातल्या मोटारीची ही काळजी कारखाना घेतो. पण मोटार घरीच बांधली असेल तर? तुम्ही म्हणाल, मोटार काय घरी बांधतात? इंग्लंडात बांधतात, बरं का! 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची हलकी, उघडी स्पोर्ट्स मोटार काढली. तयार मोटारीवर तिकडे खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून पुष्कळांनी सुटे भाग आणून ती घरी जोडली. 1973 साली तो कर गेला, पण हौस गेली नाही. 1996 साली रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक निघाले: अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी! चौकोनी लोखंडी नळ्या वेल्ड करायच्या, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन आणि कणा घ्यायचा, आणि गाडी उभी करायची.

हाताने वेल्ड केलेल्या सांगाड्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहतोच. म्हणून जोडाच्या टोकांना आटे ठेवलेले असतात. ते फिरवून चाक हवे तसे लावता येते.

लावायच्या गोष्टी तीन. पहिली, समोरून पाहिले असता चाक उभे आहे की कललेले; हा कॅम्बर. दुसरी, चाक ज्या आसाभोवती वळते तो आस मागे किती रेललेला आहे, हा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्यामुळे चालत्या सायकलला सरळ जायला मदत होते. मोटारीतही हेच. ब्रिटनमध्ये 2009 पासून घरी बांधलेल्या मोटारींसाठी जी सरकारी तपासणी आहे, तीत वळणातून निघताना स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते का, हेही पाहतात. तिसरी गोष्ट म्हणजे टो: वरून पाहिले असता चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींजवळ आहेत की दूर.

या तिहींत टो सर्वांत शेवटी लावायचा. कारण कॅम्बर किंवा कॅस्टर हलवला की टो बिघडतो. उलट क्रमाने गेलात तर केलेले काम पुन्हा करावे लागेल.

आता हत्यारे. ती गवंड्याच्या पिशवीतलीच आहेत: दोरी, ओळंबा, पाणसळ आणि मिलिमीटरची पट्टी. आधी पाणसळीने जमीन पाहा. जमीन सपाट नसेल तर चाकांखाली फरश्या घालून चारही चाके एका पातळीत आणा. टायरांत हवा सारखी भरा. मग चालकाच्या जागेवर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा. गाडी सुमारे पाचशे किलोची आणि माणूस सत्तर-पंचाहत्तरचा. तो बसला की गाडी दबते आणि चाकांचे कोन बदलतात. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजा, बरोबर निम्म्यावर आणा आणि बांधून ठेवा.

सारख्या लांबीच्या दोन नळ्या घ्या. दोन्हींवर सारख्याच अंतरावर खाचा पाडा. एक नळी गाडीपुढे आणि एक गाडीमागे, चाकांच्या मध्याच्या उंचीवर आडवी ठेवा. खाचांतून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणा. झाल्या दोन समांतर रेषा! आता त्या गाडीच्या मधोमध आणायच्या. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोरी जितकी दूर, तितकीच उजव्या चाकापासून हवी. मागेही तसेच. पुढचे आणि मागचे अंतर मात्र एकच असेल असे नाही.

पहिल्यांदा मागची चाके पाहा. मागचा कणा तिरपा बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी चालेल, आणि पुढे कितीही दुरुस्ती केली तरी व्यर्थ. मग पुढच्या चाकाशी या. दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचे अंतर घ्या, मागच्या कडेचे घ्या. पुढचे अंतर 1 मिलिमीटरने जास्त असेल, तर ते चाक तेवढे आत वळलेले आहे. रिम थोडी वाकडी असू शकते. म्हणून चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकला, पुन्हा मोजा आणि दोहोंची सरासरी धरा.

एका मिलिमीटरने काय होतं, असे कुणी विचारील. हिशेब करा. तेरा इंची रिम म्हणजे 330 मिलिमीटर. चाक 330 मिलिमीटर पुढे जाते तेव्हा 1 मिलिमीटर आडवे घासते. म्हणजे किलोमीटरला 3 मीटर. तीच चूक 3 मिलिमीटरची असेल तर शंभर किलोमीटरच्या प्रवासात टायर 900 मीटर आडवा खरवडला जातो! शिवाय गाडी रस्त्यावर भरकटते, ते वेगळेच.

मग टो अगदी शून्य का ठेवत नाहीत? मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो अशा गाडीत रस्ता पुढच्या चाकांना मागे ढकलतो, आणि सांध्यांतल्या ढिलाईमुळे ती किंचित बाहेर फाकतात. म्हणून आधीच ती किंचित आत ठेवायची. चालताना सरळ होतात.

दुरुस्ती सोपी आहे. लॉकनट सैल करा आणि स्टिअरिंगचा दांडा दोन्ही बाजूंना सारखाच, पाव-पाव फेरा फिरवा. एकाच बाजूला फिरवलात तर स्टिअरिंग मध्यावर राहणार नाही. आट्यांचा पुरेसा भाग आत राहिला पाहिजे. नाहीतर धावत्या गाडीत दांडा निसटेल, आणि मग माणसाच्या जिवाशी गाठ आहे. लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना दांडा थोडा फिरतो. ही शेवटची मोजणी कधीही टाळू नये.

स्पोर्ट्स मोटार आपल्या गावात नसेल, पण ट्रॅक्टर आहे. त्याच्या पुढच्या टायरावरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडला आहे असे समजा. किती हवा ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते.

आणि गुरुजनहो, समांतर रेषा फळ्यावर शिकवून झाल्या की मुलांना अंगणात आणा. सायकलचे हँडल सरळ धरून मागच्या चाकाला दोरी लावा आणि ती पुढच्या चाकापर्यंत ताणा. दोन्ही चाके एका ओळीत आहेत का, ते मुलांनाच सांगू द्या. डोळ्याला सरळ दिसते ते सरळ असतेच असे नाही, हे त्यांना दोरी सांगेल.