जुन्या सदऱ्यावर नाताळचा तारा



नाताळांत मुलाच्या अंगावर नवें वस्त्र असावें, ही इच्छा आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. परंतु तेवढ्यासाठीं कर्ज काढणारे बाप आम्हीं पाहिले आहेत. म्हणून आज पेटींतील जुन्या सदऱ्यांविषयीं बोलतों.

सदरा सुती असावा. तो धुऊन खळ काढावी, वाळल्यावर इस्त्री करावी आणि आंत पुठ्ठा सरकवावा. नाहींतर छातीवरचा तारा पाठीवरही उमटेल! बटाटा मधोमध कापून सपाट बाजूवर तारा कोरावा, ओलावा फडक्यानें पुसावा, आणि कापडावर चढविण्याचा रंग लावून ठसा उठवावा. भिंतीचा उरलेला रंग कोणीं वापरूं नये. तो ताठरतो व तडकतो. रंगांत पाणी फार घातल्यास तो पसरतो. गडद कापडावर आधीं पांढरा हात द्यावा. जेथें जुना डाग असेल, तेथेंच तारा येऊं द्यावा. एक दिवस सुकल्यावर उलट्या बाजूनें गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे रंग पक्का होतो.

एक विनंती आहे. शेजारच्या गरीब मुलासाठीं सदरा रंगवाल, तर स्वतःच्या मुलासाठींही तसाच रंगवावा. मग मध्यरात्रीच्या मिस्साला दानाचा सदरा कोणता, हें कोणास ओळखतां येणार नाहीं. रंग आणि बटाटे आम्ही देऊं. सदरे तेवढे तुम्हीं आणावे.