वैदूची वाट हाच आपला पुरावा
(दिवेआगर येथील बैठकीत केलेले भाषण)



आज आपल्या वैदू, भगत, सुईणींबद्दल बोलायचं आहे. मागच्या वर्षी आमच्या वाडीवर अभ्यासाला म्हणून दोघं आले. गोड बोलले. आमच्या आज्याला डोंगरात फिरवलं. कुड्याची साल कशावर, गुळवेल कशी द्यायची, सगळं लिवून नेलं. आज्याचा रोज बुडाला. कागद काय परत आला नाही. आम्हीही विचारलं नाही, ती आमची चूक.

केरळात काणी आदिवासींनी १९८७ साली संशोधकांना आरोग्यपच्चा हे झाड दाखवलं. त्यातून 'जीवनी' औषध निघालं. १९९५ मध्ये कंपनीला १० लाखांना परवाना दिला, निम्मा वाटा काणींचा ठरला. हे चांगलंच झालं. पण त्यांचेच काही वैदू म्हणाले, आम्हाला कुणी विचारलं? आणि पानं तोडायला गेले तर वनखातं आडवं. पैसा ठरला, पण जंगल हातात नाही!

म्हणून अभ्यासाला येणाऱ्यांना आपण सांगायचं, या, पण भागीदार म्हणून. आधी ग्रामसभेला विचारा. प्रश्न आमच्यासोबत बसून ठरवा, आमचेही प्रश्न घ्या. काय सांगायचं, काय नाही, ते वैदू ठरवील. त्याचा रोज द्या. लिहिलेलं वाडीत वाचून दाखवा, चुकलं तर तो दुरुस्त करील. नाव छापायचं का, तेही त्यालाच विचारा. एक प्रत ग्रामसभेकडे राहील.

आता आपल्या कामाचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, वैदू जिथून औषधी गोळा करतात त्या जागा सामूहिक दाव्याचा पुरावा धरल्या आहेत. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून काढलं तर तोही पुरावा. म्हणजे आज्या ज्या वाटेनं मुळी आणायला जातो, ती वाटच आपल्या बाजूनं बोलते.

तवा या उन्हाळ्यात प्रत्येक वाडीतल्या दोन शिकलेल्या पोरापोरींनी वैदूसोबत डोंगर चालायचा. जागेचं नाव, ओहोळ, खूण लिहायची, नकाशावर मांडायची. औषधाचं गुपित लिहायचं नाही, जागा लिहायची. मग ग्रामसभेत वाचून दाव्याला जोडायची.

आमचा आज्या आता काठी घेऊन चालतो. पुढच्या वर्षी चढेल का, कोण सांगणार? त्याचे पाय चालतात तोवर आपण त्याच्या मागं चालून घेऊ.

जिंदाबाद!