मुरमाची वाट आणि पाण्याची वाट



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सायकल घेऊन चढणे हे थोडे धार्ष्ट्याचेच काम आहे. ज्ञानेश्वरी ऐकायला माणूस येतो, अंदाजपत्रकावर चार शब्द ऐकायलाही येतो. सायकल ऐकायला कोण येणार, ही शंका आम्हालाही होती. तरी आपण इतक्या संख्येने आला आहात, त्या अर्थी उपनगरातल्या रस्त्यांनी आपल्याला पुरेसे छळलेले दिसते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही चार नावे चार खांबांसारखी डोळ्यांपुढे आणा. या मांडवाच्या मध्यभागी काय आहे? डोंगर आहे, जंगल आहे आणि तीन तलाव आहेत. नद्याही आहेत, मात्र आपण त्यांना नाला म्हणण्याची सवय लावून घेतली आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून मिठी निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तुळशीच्या बाजूने दहिसर नदी उतरते. पोईसर आणि ओशिवरा याही त्याच डोंगरउतारांच्या लेकी. एवढे वैभव घराच्या पाठीशी असताना मोटारीचा धूर न खाता दोन चाकांवर तासभर हिंडता येईल अशी वाट आपल्याला मिळते का, मिळते तर ती कोणी राखली आणि तिची किंमत कोणी दिली, एवढाच आजचा विषय आहे.

परदेशात हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ नावाचा प्रकार फार फोफावला आहे. डांबरी हमरस्ता सोडायचा आणि खडीच्या, मुरमाच्या वाटांनी रानातून, नदीच्या खोऱ्यांतून दूरवर जायचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या लहानशा गावी २००६ साली अशी दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. यातले शास्त्र साधे आहे. शर्यतीच्या सायकलीचा टायर अरुंद आणि दगडासारखा टणक. खडा आला की चाक, सायकल आणि स्वार असे तिघेही उचलले जातात आणि पायांनी कमावलेला वेग त्या उडीत खर्ची पडतो. टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद घेतला, त्यात हवा बेताची भरली, की खडा टायरात रुततो आणि स्वार सरळ पुढे जातो. अडवणाऱ्याला थोडे आत घ्यावे, म्हणजे प्रवास सुखाचा होतो, हे आमच्या सासुरवाशिणींना टायर निघण्यापूर्वीपासून ठाऊक होते!

नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर काढला तेव्हा डांबरी रस्ते होतेच कुठे? मॅकॅडॅमच्या पद्धतीने फोडलेली खडी थराथराने दाबलेली असे, आणि गावाबाहेर तीही नसे. आपल्याच मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये परत आले. साडेचार वर्षांच्या त्या प्रवासात त्यांच्या वाट्याला वाळवंट आले, अरण्य आले. गुळगुळीत रस्ता थोडाच आला. त्यांना कोणी ‘ग्रॅव्हल सायकलपटू’ म्हटले नाही, कारण त्या काळी प्रत्येकच सायकलस्वार तसा होता.

आता आपल्या डोंगराकडे वळू. हे जंगल आजवर का टिकले? आमचे झाडांवरचे प्रेम उतू जात होते म्हणून खचित नव्हे. ते टिकले पाण्यामुळे. १८६० साली विहारचे पाणी मुंबईत आले, १८७९ साली तुळशीचा तलाव झाला. पिण्याच्या पाण्याचे पाणलोटक्षेत्र म्हणून आजूबाजूचा डोंगर माणसांच्या वस्तीपासून राखला गेला. राष्ट्रीय उद्यान ही त्याच्या डोक्यावर नंतर चढलेली पगडी. आज या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात बिबट्या सुखाने नांदतो. आधी पाणी राखले गेले, पाण्यापाठी जंगल राहिले आणि जंगलापाठी ती शांत वाट राहिली. हा क्रम कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

बोरिवलीच्या दरवाजातून कान्हेरीकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. दरवाजापाशी भाड्याने सायकल मिळते. रस्ता डांबरी आहे, चढाचा आहे, आणि शेवटच्या टप्प्यात भल्याभल्यांना खाली उतरवतो. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात न ठेवणारे दर आठवड्याला दारातून परततात. सायकलीने याच रस्त्यावर राहावे, आतल्या पायवाटांवर चाक घालू नये. काही तरुण मंडळींना हा नियम जाचक वाटतो. आम्हाला तो योग्य वाटतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्या पायवाटांवर ज्याचा हक्क आहे तो भाडे भरून आत आलेला नसतो.

वर कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. पाहुणा मोठे चैत्यगृह पाहतो, छायाचित्र काढतो आणि खाली उतरतो. त्याने एकदा पाण्याची टाकी पाहावीत. खडकात बारीक पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत वळवलेले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी दान करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्याच लेखांत वाटेचे दानही आहे. कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराने येथे वाट करून दिली. सातवाहनांच्या काळातला हा कारागीर. त्याने लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही, भिक्षूंच्या पायांखाली वाट दिली. शेजारी पाणी होते, म्हणून त्या वाटेला अर्थ होता.

या क्रमाची उलटापालट झाली म्हणजे काय होते, ते पवईला दिसले. पवईचा तलाव १८९१ च्या सुमाराचा. त्याच्या काठाने सायकलमार्ग करण्याचे महानगरपालिकेने ठरवले. कल्पना ऐकायला किती गोड! एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी आणि मोटारींना बंदी. आम्हालाही प्रथम ती मोहक वाटली. परंतु काठावर जागा पुरेना, तेव्हा मार्ग तलावातच शिरला. तारेच्या जाळ्यांच्या पेट्या करून त्यांत दगड भरायचे आणि त्या पाण्याच्या कडेला रचून वर वाट करायची, ही ती योजना. दगडांच्या फटींतून पाणी खेळते राहील, असे सांगण्यात आले. तेथील संशोधक विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ज्यांनी दाद मागितली ते काही सायकलीचे वैरी नव्हते. तलाव बुजवून केलेली वाट वाहनमुक्त असली तरी ती तलावाच्या छातीवरच असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

यावर कोणी म्हणेल की चार हात पाण्याने असे काय बिघडते? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मिठीने त्या दिवशी स्वतःची जागा परत मागितली, आणि कुर्ल्याच्या, कालिन्याच्या घरांतून ती मागणी छातीएवढ्या पाण्याने पोहोचली. नदीच्या खोऱ्यात चार हातांचा हिशेब असा चुकता होतो.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यात पाणीही आहे, वाटही आहे आणि माणसेही आहेत. तानसा तलावाचे पाणी १८९२ साली मुंबईत आले. त्या जलवाहिन्या मुलुंडपासून उपनगरांतून शहराकडे जातात. माणूस वाकून आत चालेल एवढे ते नळ. त्यांच्या अंगाला वर्षानुवर्षे झोपड्या उभ्या राहिल्या. पाणी दूषित होण्याचे आणि नळाला धोका पोहोचण्याचे भय होते, म्हणून दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून तेथे सुमारे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखण्यात आला. ‘हरित वारी, जलतीरी’ असे त्याचे नाव. नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला आमची दाद आहे. जागेची निवडही चांगली. नळ समपातळीने जातो, म्हणून चढ कमी. नळावर मोटार चालत नाही, म्हणून धूर नाही.

मात्र त्या वाटेवर ज्यांच्या चुली होत्या त्या मंडळींचे काय झाले? हजारो कुटुंबांना माहुलला घरे देण्यात आली. माहुल म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांचा शेजार. तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवले होते. तरीही बिऱ्हाडे तेथे गेली, माणसे आजारी पडली, बायकामुलांनी रस्त्यावर बसून आंदोलन केले. अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलला कोणाला पाठवू नका. अन्यत्र घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. ज्यांना वाहनांच्या धुरातून सुटायचे होते त्यांच्यासाठी वाट झाली, आणि त्या वाटेवरून उठलेल्यांच्या वाट्याला कारखान्यांचा धूर आला. नळ सुरक्षित हवा, यात वाद नाही. नळ मोकळा करणे एक आणि माणसाला माहुलला टाकणे दुसरे. या दोन गोष्टी एकाच आदेशात बसवण्याची कोणतीही सक्ती नव्हती.

तेव्हा सायकल चालवू नये काय? जरूर चालवावी. आम्ही चालवतो आणि या वयातही कान्हेरीच्या चढावर उतरायला लाजत नाही. मात्र नवी वाट मागताना तीन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. पाणी कोठून जाते? येथे आधी कोण राहत होते आणि आता ते कोठे आहेत? आणि वाटेवर काय टाकणार? हा तिसरा प्रश्न क्षुल्लक समजू नका. आपल्याकडे सौंदर्यीकरण म्हटले की रंगीत फरशी, काँक्रीट, कठडा आणि दिव्यांचे खांब आलेच. फरशी पहिल्या पावसात शेवाळते, दुसऱ्या पावसात उखडते, आणि तिच्यावर मोटारसायकल फार आनंदाने चढते. आपल्या डोंगरातला काळा दगड झिजून झालेला मुरूम तसा नाही. तो नीट दाबला, बाजूला चर काढला, की सायकलीला पुरतो, पायी चालणाऱ्याच्या गुडघ्याला सोसतो आणि थोडेबहुत पाणीही जमिनीत जाऊ देतो. दर पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी लागते हे खरे. पण डागडुजीला माणूस लागतो, आणि रोज वाटेवर असणारा माणूस हा दिव्याच्या खांबापेक्षा चांगला राखणदार असतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. ठाणे आणि बोरिवली यांना जोडणारे जुळे बोगदे याच डोंगराच्या पोटातून काढण्याचे काम हाती घेतले आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही उद्यानाखालूनच आखले आहेत. मोटारी डोंगराच्या खालून जाणार असतील तर वरच्या बाजूला त्यांचे काही काम उरू नये. बोगद्यांच्या तोंडाशी, बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या बाजूला, काय काय बांधले जाणार याचे नकाशे मागवून पाहावेत. ज्यांना नकाशा वाचता येतो अशी बरीच निवृत्त अभियंता मंडळी या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेली आम्हाला दिसत आहेत. व्याख्यान संपल्यावर त्यांनी दहा मिनिटे थांबावे, अशी विनंती आहे.