पान ओढण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे पुष्कळजणींनी घरी ऐकले असेल. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथे कांस्यपदक मिळविणाऱ्या भारताच्या मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. घरी सांगावयास एवढे पुरे.

आपल्या गुरुवारच्या टेबलांवर बोली बरी होते. बोललेले हात मात्र होत नाहीत. कारण घाई! पहिली उतारी होते, समोरची भिडू पाने मांडते, आणि आपण लगेच पान ओढतो. त्या बिचारीला मग काही सुचविण्याचीही मुभा नसते. तिच्या वाटणीचा विचारही आपणच करावयाचा असतो.

एक डाव पाहू. आपली बोली ३ बिनहुकमी, म्हणजे ९ हात हवेत. डावीकडून बदामचा राजा येतो. आपल्या हाती बदामचा एक्का व २ लहान पाने, समोर २ लहान. इस्पिक व चौकट यांचे एक्के-राजे आपल्याच बाजूला आहेत. समोर किलवरची एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. आपल्याकडे ३ लहान किलवर. मोजा: किलवर सोडून ५ हात. उरलेले ४ किलवरचे. त्यासाठी हातातून लहान किलवर खेळून समोरची राणी लावायची. राजा उजवीकडे असला तर तो एक हात जाईल.

आता बदामचा एक्का पहिल्याच फेरीला मारलात, तर उजवीकडची किलवरच्या राजावर हात घेऊन बदाम परतविते. डावीकडे मुळात ५ बदाम असतील, तर तिचे ४ हात होतात आणि डाव एका हाताने बुडतो. म्हणून २ फेऱ्या एक्का दाबून ठेवा, तिसरीला घ्या. उजवीकडे बदाम संपलेले असतील. वाटणी ४-४ असली, तरी एकूण ४ च हात जातात.

हातात एक्का असून हात सोडणे काटकसरी मनाला पटत नाही, हे मी जाणते. पण हिशेब सोपा आहे: त्या रंगाची दोन्हीकडची पाने ७ मधून वजा करा. येथे ५ पाने, म्हणून २ फेऱ्या. मात्र दुसरा एखादा रंग याहून कच्चा असेल, तर एक्का दाबू नये. प्रतिपक्ष तिकडे वळेल.

चहानंतर चारही टेबलांवर हाच डाव लावून ठेवला आहे. किलवरचा राजा कोणाकडे, ते मी सांगणार नाही.