तळव्यावरचा काळा डाग



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. तरी मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगावर बोलायला उभा आहे, कारण 'हा गोऱ्यांचा रोग' असा आपला समज. गोऱ्या कातडीत तो कितीतरी अधिक होतो, हे खरे. पण आपल्यासारख्या सावळ्या माणसांना झालाच, तर तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. आणि स्वतःचा तळपाय पाहतो कोण?

जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हा रोग सापडला. आधी ती फुटबॉलची जखमच वाटली होती. अंगठा कापण्याचा सल्ला त्याने मानला नाही. ११ मे १९८१ रोजी तो वारला, वय अवघे ३६.

कर्कपेशी कातडीच्या अगदी वरच्या थरातच असतील, तर भोवतालच्या अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी कातडीसह डाग कापून काढला की रोग बहुधा तिथेच संपतो. खाली उतरला, तर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. ही रीत अमेरिकेतील डॉ. ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. दोन मिलिमीटरच्या वर गेला तर दोन सेंटिमीटर कातडी काढावी लागते, जांघेतली किंवा काखेतली गाठही तपासतात. सारा हिशेब मिलिमीटरचा! अंगभर पसरलेल्या रोगावर २०११ पासून प्रतिकारशक्तीला मोकळी करणारी औषधे मिळू लागली. त्यामागच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. पण ती फार महाग, आणि सर्वांना लागू पडतातच असे नाही.

अनेक नखांवर तपकिरी रेघा असतील तर घाबरू नका, आपल्या वर्णात त्या बहुधा स्वाभाविक असतात. एकाच नखावर नवी रेघ उमटली, रुंदावू लागली, रंग नखाच्या कडेला कातडीवर उतरला, किंवा तळव्यावरचा डाग वाढला, चिघळला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कुरूप समजून ब्लेडने तासू नका, चामखीळ समजून जाळून घेऊ नका. जाळल्यावर तपासायला उरते काय? डाग किंवा त्याचा तुकडा काढून तपासणीला गेलाच पाहिजे. अहवालात जाडी किती, हे विचारा. तो कागद पासबुकासारखा जपा, आणि प्रयोगशाळेतून तुकड्याचा ब्लॉक व काचपट्ट्याही मागून घ्या; मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात.