मेंदूच्या गाठीतून बरी झालेली मुले आणि आपण

(आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनानिमित्त पंचायत समितीच्या सभागृहात मुख्याध्यापक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



दरवर्षी १५ फेब्रुवारी हा दिवस आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी बहुधा रोगाची लक्षणे, उपचार आणि रुग्णालये यांविषयी बोलले जाते, आणि ते आवश्यकच आहे. परंतु आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो रुग्णालयाचे काम जेथे संपते तेथून सुरू होतो. मेंदूतील गाठीवर उपचार घेऊन जी मुले गावी परत येतात, त्यांच्या मैत्रीचा, त्यांच्या मनःस्वास्थ्याचा आणि समाजातील त्यांच्या स्थानाचा हा प्रश्न आहे. डॉक्टर तो एकट्याने सोडवू शकत नाहीत. तो शाळेत, अंगणात आणि चावडीवर सुटावयाचा आहे.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाच्या खालोखाल क्रम लागतो तो मेंदूतील गाठींचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाविषयी जागतिक उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगभरातील कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. संपन्न देशांत आज ८० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. म्हणजेच बरी होऊन परत येणाऱ्या मुलांची संख्या यापुढे वाढत जाणार आहे, आणि त्यांतील काही आपल्या शाळांच्या पटावर असणार आहेत.

ही मुले बरी होतात, पण उपचारांची किंमत मोजून. लहान मेंदूत उद्भवणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे उदाहरण घेऊ. प्रथम शस्त्रक्रिया होते, त्यानंतर बहुधा संपूर्ण मेंदूला व पाठीच्या कण्याला किरणोपचार दिले जातात आणि सोबत औषधोपचार चालतो. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. त्यामुळे काही मुलांची चाल डळमळते, हात थरथरतो, बोलणे संथ होते. काही औषधांमुळे ऐकू येणे कमी होते. किरणोपचारांमुळे वाढीची व थायरॉइडची संप्रेरके कमी पडू शकतात आणि उंची खुंटते. यांतील काही परिणाम उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनी दिसू लागतात.

सर्वांत दूरगामी परिणाम होतो तो विचाराच्या वेगावर. मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे संदेश नेणाऱ्या तंतूंची वाढ किरणोपचारांमुळे मंदावते. मूल पूर्वी शिकलेले सहसा विसरत नाही. नवे शिकण्याची त्याची गती मात्र बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी होते आणि दरवर्षी अंतर वाढत जाते. चौथीत ठीक चाललेले मूल सातवीत मागे पडते. ते आळशी झाले, असा शेरा आपण मारतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

आता याचा मैत्रीशी काय संबंध, असे आपण विचाराल. मधल्या सुट्टीत पाच मुले एकत्र बसली आहेत, अशी कल्पना करा. एक थट्टा करतो, दुसरा लगेच टोला देतो, तिसरा विषय बदलतो. संथ गतीने विचार करणाऱ्या मुलाला विनोद कळतो, परंतु तोवर हसणे संपलेले असते. तो उत्तर देतो तेव्हा गप्पा पुढे गेलेल्या असतात. चेहऱ्यावरील भाव ओळखण्यातही यांतील काही मुलांना अडचण येते. एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर गलबल्यात अर्धे शब्द हरवतात. चेंडू हातातून सुटतो, म्हणून खेळात निवड होत नाही. त्यात उपचारांसाठी काही महिने शाळा बुडालेली असते आणि तेवढ्या काळात वर्गातील जोड्या नव्याने जुळलेल्या असतात. कोणी मुद्दाम दुष्टपणा करीत नाही, तरीही मूल एकटे पडते.

परदेशांत या विषयावर बराच अभ्यास झाला आहे. वर्गातील मुलांना जिवलग मित्रांची नावे विचारली असता मेंदूच्या गाठीतून बऱ्या झालेल्या मुलांची नावे इतरांच्या मानाने कमी वेळा आल्याचे आढळले. उत्तर अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेल्या एका मोठ्या पाहणीत असेही दिसून आले की, अशी मुले मोठी झाल्यावर नोकरी, स्वतंत्र संसार व विवाह या तिन्ही बाबतींत आपल्या भावंडांपेक्षा मागे राहतात. अर्थात हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते असे नाही. गाठीचा प्रकार, उपचाराच्या वेळचे वय, घरचा व शाळेचा आधार यांवर पुष्कळ अवलंबून असते. यांपैकी शेवटचा भाग आपल्या हाती आहे.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, कर्करोग संसर्गाने पसरतो हा गैरसमज. तो कोणालाही स्पर्शाने, एकत्र जेवल्याने वा एका बाकावर बसल्याने होत नाही, हे प्रत्येक शाळेत स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. दुसरी, लपवालपवी. मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण येईल या भीतीने घरचे लोक आजार सांगतच नाहीत. मग शिक्षकांनाही कारण न कळता तिची गती तेवढी दिसत राहते.

आणि दया? दयेनेही मूल एकटे पडते. कवायतीतून सूट, सहलीतून सूट, अभ्यासातून सूट, अशा सवलती देत देत आपण त्याला वर्गाबाहेरच काढून ठेवतो. त्याला सूट नको, सोय हवी. पालकांची व मुलाची संमती घेऊन, ते शाळेत परतण्यापूर्वी वर्गाशी चार शब्द बोलावेत. सूचना तोंडी दिली तरी फळ्यावरही लिहावी. ज्या कानाने चांगले ऐकू येते तो कान शिक्षकांकडे राहील अशी जागा द्यावी. दहा उदाहरणांऐवजी पाच द्यावीत, पण ती पूर्ण करून घ्यावीत. मोठ्या घोळक्यात सोडण्यापेक्षा एकदोन समजूतदार सोबत्यांबरोबर खरे काम सोपवावे: शाळेची बाग, ग्रंथालयाची नोंदवही, परिपाठाची तयारी. मैत्री आज्ञेने होत नाही. बरोबरीने काम करताना ती जुळते.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. कर्करोग हा त्यांतील प्रकार नव्हे. परंतु उपचारांनंतर राहिलेले दृष्टिदोष, श्रवणदोष, हालचालीतील वा बौद्धिक अडचणी त्यांत बसू शकतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा आणि पुढे शासकीय सेवेतील ४ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची सोय आहे. तिच्यासाठी मुख्याध्यापकांनी वेळेत प्रस्ताव पाठविला पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाची श्रवण, दृष्टी व वाढ यांची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

पंचायत सदस्यांना विशेष विनंती आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. श्रवणयंत्र, प्रमाणपत्रासाठी वा पुनर्तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची सोय, अशा गरजा नियमांच्या चौकटीत त्यातून भागविता येतील काय, हे ग्रामसेवकांसह पाहावे. शिवाय गणेशोत्सवाचे मंडळ, वाचनालय, भजनी मंडळ येथे या तरुणांना जागा मिळाली, तर तो खर्चाशिवाय होणारा उपचार ठरेल.

बरे झालेल्यांची विचारपूस पुढेही चालू राहावी, ही दृष्टी आपल्या राज्यात नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालते. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गटही २००९ मध्ये मुंबईत उभा राहिला. ज्याने तो रस्ता तुडविला आहे, त्याचा शब्द अशा मुलाला सर्वांत जवळचा वाटतो. मनाचा भार असह्य झाल्यास ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक शाळेच्या फलकावर लावावा.

मित्रहो, एखाद्या मुलाला वाचविण्यासाठी आईबाप शेत गहाण टाकतात, महिनोन्‌महिने परक्या शहरात काढतात. एवढ्या कष्टाने परत आणलेले मूल मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटेच डबा खात असेल, तर त्यांचे कष्ट अर्धेच फळाला आले असे म्हणावे लागेल. उरलेले अर्धे काम आपले आहे. आपापल्या शाळेत व गावात असे मूल आहे काय, एवढी चौकशी येत्या आठवड्यात प्रत्येकाने करावी, इतकीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय महाराष्ट्र.