गुणपत्रिकेत न येणारे श्रम

(अनसिंग येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांतील गुणपद्धतीविषयी अनसिंगमध्ये येऊन बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. वर्षाला लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या शाळांशी आपले नाते ते काय? परंतु श्रीमंतांनी आपल्या मुलांसाठी कोणती कसोटी निवडली आहे, हे श्रमिकांच्या कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

१९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या संस्थेची पदविका ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. अकरावी-बारावीच्या वयाची ही दोन वर्षे. विषय सहा, प्रत्येकास १ ते ७ गुण, म्हणजे ४२. ज्ञान कसे मिळते व ते कसे पारखावे याचा एक अभ्यासक्रम, आणि विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध, या दोहोंचे मिळून ३. एकूण ४५; पदविकेसाठी अन्य अटींबरोबर किमान २४ हवेत. कोणत्या दर्जाच्या कामाला कोणता गुण, हे आधीच लिहून ठेवलेले असते. शिक्षकाने तपासलेल्या कामाचे नमुने पुन्हा बाहेरचे परीक्षक पाहतात. आपल्याकडेही दहावीच्या बहुतेक विषयांना २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. पण ते किती ठिकाणी खरोखर तपासून दिले जातात, हे येथे बसलेल्या शिक्षकांनीच सांगावे.

त्या पदविकेची आणखी एक अट आहे. कला, शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा ही दोन्ही वर्षे करावी लागतात. त्यांना गुण नाहीत. पण ती पुरी झाल्याखेरीज ४५ पैकी ४५ मिळवणाऱ्यालाही पदविका नाही.

हे ऐकून आपल्याला आपल्याच विदर्भाची आठवण झाली पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. श्रम हे शिक्षणाचे अंग आहे, असे तिचे म्हणणे होते. पुढे बहुतेक शाळांत ती टकळीच्या तासापुरती उरली, आणि मग तो तासही गेला.

आता आपल्या शिवाराकडे या. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आठवी-नववीची मुलगी घरची भाकर करते, धाकट्याला सांभाळते, आईबरोबर शेतात जाते. शाळेच्या दप्तरात त्या दिवसांची नोंद एकच: गैरहजर. शहरातला मुलगा शनिवारी एखाद्या गावात झाडे लावून येतो, तर त्याच्या वहीत त्याची सविस्तर नोंद होते, त्यावर त्याने चिंतन लिहावे अशी अपेक्षा असते. मी त्या मुलाची थट्टा करीत नाही. त्याने यावे, जरूर यावे. बालमजुरीचे समर्थन तर मुळीच करीत नाही. या मुलीचे शाळेचे दिवस तिला मिळालेच पाहिजेत. परंतु तिला जे ठाऊक आहे त्याला शाळेने ज्ञान मानू नये, हा अन्याय आहे.

सरकारने हा प्रश्न हाताळला नाही असे नव्हे. २०१८ साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघाले, जिल्हा परिषदेच्या काही निवडक शाळा त्यात आल्या. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीचे नाव गाजले. सरकार बदलले आणि २०२१ मध्ये मंडळ गुंडाळले गेले. हजारो शाळांतून मूठभर निवडून त्यांना ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणणे मला मान्य नव्हते. पण विसर्जन करणाऱ्यांनी तरी बाकीच्या शाळांना काय दिले? त्याआधी २००८ ते २०१० या काळात पर्सेंटाइल, नव्वद-दहा, ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ अशी तीन वर्षे अकरावीच्या प्रवेशाची भांडणे उच्च न्यायालयात गेली. भांडण शहरी महाविद्यालयांतील जागांचे होते. गुण नेमके कशाचे मोजमाप करतात, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. तेथे आपण जाऊन बसावे. शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, ग्रंथालयाचे कपाट कोण उघडते, प्रयोगाचे साहित्य मुलांच्या हाती लागते का, हे आधी विचारावे. कारण माणूस आणि पुस्तक नसेल तर कोणतीही मूल्यमापनपद्धती कागदावरच राहते. मग शिक्षकांना एक विनंती करावी. प्रत्येक मुलाने वर्षातून एक प्रश्न स्वतः निवडावा: हमीभाव आणि वाशीमच्या बाजारातला सोयाबीनचा भाव यांत किती अंतर पडले, आपल्या विहिरीचे पाणी दिवाळीला किती होते आणि होळीला किती. मुलाने मोजावे, मराठीत लिहावे आणि गावासमोर उभे राहून उत्तरे द्यावीत. पहिल्या वर्षी दहा मुलांनी केले तरी पुष्कळ झाले; विहिरीला लावायची दोरी मात्र आताच आणून ठेवा.